तेंडुलकर नावाचा रशियन

यूट्यूब आणि ट्विचचं राज्य यायच्या आधी बुद्धिबळातली दिग्गज मंडळी 'इंटरनेट चेस क्लब' नावाच्या आभासी अड्ड्यावर जमायची. बरेच जण टोपणनावाने खेळत. त्यात एक होता 'तेंडुलकर'. हा तेंडुलकर काही वांद्र्याच्या साहित्य सहवासातला नव्हता. तो होता सेंट पीटर्सबर्गचा ग्रँडमास्टर पीटर स्विडलर. जन्म १९७६चा, गावाचं नाव तेव्हा लेनिनग्राड. रशियात क्रिकेट म्हणजे आपल्याकडे आइस हॉकी. पण या गृहस्थाला क्रिकेटचं असं वेड लागलं की इंटरनेटवर स्वतःसाठी नाव निवडायची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या सचिनचं निवडलं.

आज ऑनलाइन बुद्धिबळ बघणाऱ्या लोकांमध्ये स्विडलरचं नाव काढलं की चेहरे खुलतात. आता गंमत बघा. हा माणूस कधी विश्वविजेता झाला नाही. पन्नाशीला टेकलाय. कॅमेऱ्यासमोर आरडाओरडा करत नाही, डोळे विस्फारलेले फोटो लावून व्हिडिओ टाकत नाही. दाढी खाजवत, अंमळ तिरकस इंग्रजीत, लांबलचक वाक्यं बोलत बसतो. मग लोक त्याला तासन् तास का ऐकतात? याचं उत्तर शोधायला लागलं की ऑनलाइन बुद्धिबळाचा सगळा कारभारच उलगडून बघावा लागतो.

आधी ताकद आणि लोकप्रियता यांची फारकत करू. बुद्धिबळात ताकद मोजायची सोय फार चोख आहे. तिला मानांकन म्हणतात, आणि ती पद्धत आर्पाद इलो या प्राध्यापकाच्या नावाने ओळखली जाते. दोन खेळाडूंच्या मानांकनात १०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूने १०० डावांत साधारण ६४ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. फरक २०० असेल तर ७६. जास्त मिळवले तर मानांकन चढतं, कमी मिळवले तर उतरतं. इथे वशिला चालत नाही.

या मापाने स्विडलर मोठाच खेळाडू. रशियाचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने आठ वेळा जिंकलं, पहिल्यांदा १९९४ साली आणि आठव्यांदा २०१७ साली. रशियाचं अजिंक्यपद म्हणजे काय, हे आपल्याकडच्या रणजी करंडकाच्या जुन्या मुंबई संघावरून समजेल: संघात शिरणंच मुश्कील, जिंकणं तर दूरच. २०११ साली त्याने विश्वचषक जिंकला (बुद्धिबळात विश्वचषक वेगळा आणि विश्वविजेतेपद वेगळं). २०१३ मध्ये त्याचं मानांकन २७६९पर्यंत गेलं होतं. पण त्यानंतर ते हळूहळू उतरत गेलं, आणि नेमक्या त्याच काळात त्याची ऑनलाइन लोकप्रियता चढत गेली. म्हणजे लोक त्याला ऐकत होते ते तो जिंकतोय म्हणून नव्हे. कारण दुसरीकडे कुठेतरी आहे.

पहिलं कारण खुद्द खेळाच्या स्वभावात आहे. मोठ्या स्पर्धेतला पारंपरिक वेळेचा डाव चार-पाच, कधी सहा तास चालतो. एखाद्या चालीवर खेळाडू अर्धा-पाऊण तासही विचार करत बसतो. प्रेक्षकाला काय दिसतं? डोक्याला हात लावलेली दोन माणसं आणि एक पट. क्रिकेटमध्ये चेंडू दिसतो, बॅट दिसते, उडालेला त्रिफळा दिसतो. बुद्धिबळात घडतं ते सगळं कवटीच्या आत. त्यामुळे इथला समालोचक आपल्या आकाशवाणीवरच्या समालोचकासारखा असतो. बाळ ज. पंडित ज्या पिढीने रेडिओला कान लावून ऐकले, तिला हे सांगायला नको. मैदान न दिसणाऱ्याला मैदान दाखवायचं होतं, आणि ते केवळ शब्दांनी. बुद्धिबळाच्या समालोचकालाही न दिसणारंच दाखवायचं असतं.

दुसरं कारण म्हणजे ती पट्टी. हिच्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण आजचा ऑनलाइन बुद्धिबळाचा सगळा खेळ या पट्टीभोवती फिरतो.

कुठलंही थेट प्रक्षेपण लावा. पटाच्या शेजारी एक उभी पट्टी दिसेल, अर्धी पांढरी, अर्धी काळी. ही संगणकाने केलेली किंमत. पांढरा रंग वर सरकला की पांढऱ्याची बाजू चांगली, काळा खाली उतरला की काळ्याची. शेजारी आकडा असतो. +१ म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याएवढी आघाडी. +०.२ म्हणजे जवळपास समान. १९९७ मध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू' या संगणकाने तेव्हाच्या विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा ती केवढी मोठी बातमी होती! आज 'स्टॉकफिश' नावाचा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम कुणालाही फुकट मिळतो आणि तुमच्या खिशातल्या फोनवर बसून तो विश्वविजेत्याला सहज हरवेल.

पट्टी आली आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. एक चांगली झाली. ज्याला घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत आहे, त्यालाही कोण पुढे आहे ते कळायला लागलं. माझा भाचा बारा वर्षांचा आहे, तो डाव बघतच नाही, पट्टी बघतो. ती खाली-वर झाली की ओरडतो, 'मामा, गेला!' काय गेलं, का गेलं, त्याला पत्ता नसतो. पण मजा येते त्याला, आणि त्या मजेपोटी लाखो नवे प्रेक्षक या खेळाकडे आले हे खरंच आहे.

दुसरी गोष्ट मात्र घातक झाली. पट्टी उत्तर सांगते, कारण सांगत नाही. गाइडच्या मागच्या पानावरची उत्तरं आठवतात ना? उत्तर ४२ आहे हे कळतं, पण कसं आलं ते विचारायची सोय नाही. त्यातून प्रेक्षक उद्दाम होतो. ज्याला स्वतःला शाळेच्या स्पर्धेत दुसरी फेरी पार करता आली नसती, तो पट्टी बघून म्हणतो, 'एवढी साधी चाल दिसली नाही याला?'

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण २०१८चं आहे. लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांची विश्वविजेतेपदाची लढत चालू होती. सहाव्या डावात, ६८व्या चालीच्या सुमारास, नॉर्वेतल्या एका बलाढ्य संगणकाने जाहीर केलं की काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा कारुआना जिंकतोय. वाट अशी: उंट h4 या घरात न्यायचा आणि दोन चालींनंतर आपला घोडा स्वतःहून g1 या कोपऱ्यालगतच्या घरात नेऊन कोंडून घ्यायचा. तिथून पुढे मात होती तीसहून अधिक चालींनी. आपलाच घोडा आपणच पिंजऱ्यात टाकायचा, ही कल्पना माणसाच्या डोक्यात येणार कशी? डाव ८० चालींनी बरोबरीत सुटला. जगभरातल्या पट्टीभक्तांनी कपाळाला हात लावला. जे बुद्धिबळ जाणतात त्यांनी मात्र सांगितलं की ही चाल पटावर बसलेल्या कुणालाही सापडली नसती.

आता स्विडलरची जागा लक्षात येईल. उत्तर फुकट झालं तेव्हा कारण महाग झालं. पट्टी +०.८ सांगते तेव्हा स्विडलर सांगतो की ती +०.८ खेळायला किती अवघड आहे, समोर बसलेल्या माणसाला आत्ता नक्की कशाची धास्ती वाटत असेल, हे प्यादं घ्यावंसं का वाटतं आणि घेतलं तर रात्री झोप का लागणार नाही. तो अशा खुर्चीत शेकडो वेळा बसलेला आहे. कार्लसनसमोर, आनंदसमोर, क्रामनिकसमोर. त्यामुळे एखाद्या खेळाडूची चूक झाली की त्याच्या बोलण्यात हिणवणं नसतं, दुखऱ्या जागेची ओळख असते.

आणि तो चक्क कबूल करतो की मला कळत नाहीये. हे फार मोठं आहे हो! एक चाल सुचवतो, चार चाली पुढे जातो, थांबतो, म्हणतो की नाही, हे चुकलं माझं, मागे या. प्रेक्षकाला वाटतं, अरे, ग्रँडमास्टरही आपल्यासारखाच चाचपडतो. फक्त तो अंधारात आपल्यापेक्षा वीस पावलं पुढे जाऊन चाचपडतो. मोठ्या गवयाची मैफल ऐकायला मिळते, तिकीट काढलं की झालं. पण सकाळी त्याच्या घरी बसून रियाज ऐकायला मिळणं वेगळं. तिथे सूर हलतो, पुन्हा लावला जातो, तान अर्धवट सोडून दिली जाते. स्विडलरचे श्रोते रियाज ऐकायला येतात.

हे रियाज ऐकवण्याचं काम पद्धतशीरपणे सुरू झालं ते २०१४ मध्ये, जर्मनीतल्या हँबर्गहून चालणाऱ्या 'चेस२४' या संकेतस्थळावर. जर्मन ग्रँडमास्टर यान गुस्ताफसन आणि स्विडलर यांची जोडी तिथे जमली. जोडी म्हणजे अक्षरशः कट्ट्यावरची. मोठ्या लढतींचं समालोचन करता करता विषय कुठून कुठे जायचे आणि बरोबर चालीच्या वेळी पटावर परत यायचे. तिथेच 'बँटर ब्लिट्झ' नावाचा प्रकार रुजला. ब्लिट्झ म्हणजे अतिजलद डाव, प्रत्येकाला तीन-पाच मिनिटं. वर्गणीदार प्रेक्षकांनी ग्रँडमास्टरला आव्हान द्यायचं, आणि ग्रँडमास्टरने खेळता खेळता मोठ्याने बोलत राहायचं.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. अतिजलद डावात चांगला खेळाडू फारसं 'मोजत' नाही. अमुक रचनेत घोडा इथे जातो, तमुक रचनेत हत्ती या स्तंभात येतो, हे त्याच्या बोटांना माहीत असतं. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा की पीठ किती दाबता, ती थांबेल आणि भाकरी मोडेल. जे बोटांना कळतं ते शब्दांत पकडायचं, तेही घड्याळ पळत असताना, ही स्वतंत्र कला आहे. बरेच थोर खेळाडू यात ढेपाळतात. एक तर गप्प होतात, नाहीतर डाव हरतात. स्विडलर दोन्ही सांभाळतो. आणि एखादा हौशी वर्गणीदार खरंच अडचणीत आणायला लागला तर स्वतःच्या फजितीचं साग्रसंगीत वर्णन करतो.

हे त्याला जमतं यामागे त्याच्या खेळाची जडणघडणही असावी असं मला वाटतं. बुद्धिबळाचा एक प्रकार आहे, 'चेस ९६०'. मागच्या रांगेतली मोहरी दर वेळी चिठ्ठी काढल्यासारखी वेगळ्या क्रमाने मांडायची. अशा ९६० मांडण्या होतात, म्हणून हे नाव. पाठांतर तिथे कामाला येत नाही, पहिल्या चालीपासून विचार. या प्रकारातलं जगज्जेतेपद स्विडलरने जर्मनीतल्या माइन्झ इथे २००३, २००४ आणि २००५ असं सलग तीन वर्षं राखलं. म्हणजे कोऱ्या पाटीवर विचार करायची त्याला सवय आहे. समालोचनात आपण ऐकतो ते हेच.

अर्थात पाठांतरातही तो कच्चा नाही. ग्रुनफेल्ड बचाव हा त्याचा आयुष्यभराचा संसार. या बचावात काळा खेळाडू पटाचा मधला भाग पांढऱ्याला खुशाल घेऊ देतो, आणि मग तोच भाग बाजूंनी पोखरायला लागतो. पांढऱ्याचा मधला वाडा टिकला तर काळा गुदमरतो. ढासळला तर पांढऱ्याची खैर नाही. या बचावावर त्याने चेस२४साठी व्हिडिओमालिका केली. आता कल्पना करा, एखाद्या सुगरणीने अजून खानावळ चालू असतानाच आपल्या काळ्या मसाल्याचं प्रमाण सगळ्यांना सांगून टाकावं. तो तेव्हा स्वतः याच बचावाने स्पर्धा खेळत होता. लोकांचा विश्वास बसतो तो अशा गोष्टींनी.

त्याच्या पराभवांनीही त्याला माणसं जोडून दिली. २०१५ मध्ये बाकू इथे विश्वचषकाचा अंतिम सामना होता, समोर सर्गेई कार्याकिन. चार डावांच्या लढतीत स्विडलरने पहिले दोन जिंकले. आता एक बरोबरी पुरे. तिसऱ्या डावात बाजू चांगली असताना त्याच्या हातून घोडचूक झाली. चौथाही गेला. मग जलद डाव, मग आणखी जलद डाव. एकूण दहा डाव झाले आणि दहाच्या दहा निकाली निघाले, एकही बरोबरी नाही. कार्याकिन ६-४ने जिंकला. जगभर लोक हे थेट बघत होते. ज्याने कधी हातातली मॅच घालवली आहे, आणि ती कुणी घालवली नाही, तो त्या दिवसापासून थोडा स्विडलरचा झाला.

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये येकातेरिनबुर्गची कँडिडेट्स स्पर्धा, म्हणजे विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, निम्म्यावर थांबवावी लागली, आणि सगळं बुद्धिबळ घरात, पडद्यावर आलं. एका तरुण बुद्धिबळपटू मुलीवरची वेब मालिका त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाजली. आपल्याकडे समय रैनाने विनोदवीरांना पटावर बसवलं आणि आपला नाशिकचा विदित गुजराथी त्या गोतावळ्यात असा रमला की ज्यांना उंट आणि हत्तीतला फरक सांगता येत नव्हता, तेही 'विदित भाई' म्हणायला लागले. इंटरनेटवर बुद्धिबळ दाखवणाऱ्या हिकारू नाकामुरा, लेव्ही रोझमन यांच्या प्रेक्षकांचे आकडे फुगले. रोझमन तर ग्रँडमास्टरही नाही, एक पायरी खालचा इंटरनॅशनल मास्टर आहे. पण यूट्यूबवर बुद्धिबळ म्हटलं की बहुतेकांना आधी त्याचा चेहरा आठवतो.

त्या आकड्यांच्या शर्यतीत स्विडलर कधी नव्हताच. म्हणून मी त्याच्या लोकप्रियतेला वेगळी म्हणतो. गाण्यात काही जण स्टेडियम भरवतात, आणि काही गवयांचे गवई असतात: पहिल्या रांगेत बसलेले इतर गवईच मान डोलावत असतात. स्विडलरच्या समालोचनाची गंमत सगळ्यात जास्त कुणाला वाटते? दुसऱ्या ग्रँडमास्टरांना. अलेक्झांडर ग्रिशुकसारखा तिरकस रशियन त्याच्याबरोबर बसला की ते संभाषण ऐकण्यासाठी लोक डावही विसरतात. यूट्यूबच्या गणिताला ही लोकप्रियता नीट पकडता येत नाही. पाच तासांच्या प्रक्षेपणातलं मोलाचं वाक्य साडेतिसऱ्या तासाला येतं. त्याचा तीस सेकंदांचा तुकडा कापला तर जीव निघून जातो.

पैशाचं थोडक्यात: चेस२४सारखी ठिकाणं वर्गणीवर चालत. २०१९ मध्ये ते कार्लसनच्या कंपनीने घेतलं, २०२२च्या अखेरीस ती कंपनीच चेस डॉट कॉमने घेतली, आणि २०२४च्या सुरुवातीला चेस२४चं जुनं घर बंद झालं. मोठ्या माशाने छोटा मासा गिळला, एवढंच. जुने वर्गणीदार अजून हळहळतात.

रशियन असण्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एअरथिंग्ज मास्टर्स' ही ऑनलाइन स्पर्धा चालू होती. सोळा वर्षांच्या प्रज्ञानंदने कार्लसनला हरवलं, तीच. ती संपायच्या आत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. स्विडलरने थेट समालोचनातच सांगितलं की माझा देश करतोय ते युद्ध मला मान्य नाही. नंतर मार्चमध्ये ४४ रशियन खेळाडूंनी युद्ध थांबवण्याची मागणी करणारं खुलं पत्र लिहिलं, त्यातही त्याची सही होती. दुसरीकडे कार्याकिनने युद्धाची जाहीर बाजू घेतली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली. २०१५च्या त्या अंतिम सामन्यातले हे दोघे. रशियात राहून मोठे झालेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर असं बोलणं किती जड असतं, हे इथे बसून आपण काय सांगणार. पण जो माणूस रोज चार तास कानाशी बोलतो, तो गप्प बसला असता तर ते श्रोत्यांना लगेच कळलं असतं.

भारताशी त्याचं नातं क्रिकेटपुरतं नाही. २००५ मध्ये अर्जेंटिनातल्या सान लुइसच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत तोपालोव्हच्या मागे दुसरं स्थान विभागून घेणारे दोघं होते, आनंद आणि स्विडलर. २०१३ला लंडनच्या कँडिडेट्समध्ये शेवटच्या फेरीत त्याने काळ्या मोहऱ्यांनी कार्लसनला हरवलं. त्याच दिवशी इव्हानचुकने कार्लसनच्या बरोबरीने आघाडीवर असलेल्या क्रामनिकला हरवलं नसतं, तर चेन्नईत विश्वविजेतेपदासाठी आनंदसमोर कार्लसन बसलाच नसता. आणि २०२४ला टोरांटोत कँडिडेट्स झाली तेव्हा हा माणूस माइकसमोर कमी आणि पडद्यामागे जास्त होता, प्रज्ञानंदचा साहाय्यक म्हणून.

त्याला ऐकायचं असेल तर एक युक्ती सांगतो. मी स्क्रीनच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवतो, संगणकाची ती काळी-पांढरी पट्टी झाकली जाईल अशी. आकडाही झाकतो. मग प्रक्षेपण लावतो. मागच्या सुट्टीत भाचा येऊन शेजारी बसला. कागद बघून त्याचा जीव कासावीस झाला.

'मामा, कोण जिंकतंय?'

'माहीत नाही.'

'मग याला तरी माहीत आहे का?' त्याने पडद्यावरच्या दाढीवाल्याकडे बोट दाखवलं.

'नाही. थांब, शोधतोय तो.'

भाचा वैतागला, पण उठला नाही.